किनारा स्वच्छता मोहीम शिकण्यासाठी कशी घ्यावी: तिथी पाहण्यापासून पोच घेण्यापर्यंत

पाऊस ओसरला की रत्नागिरी, मालवण, अलिबाग, मुरुड अशा गावांतून महाविद्यालयांच्या किनारा स्वच्छता मोहिमा सुरू होतात. मुलं मनापासून राबतात. पण बहुतेक मोहिमांचा क्रम ठरून गेलेला आहे: आठला जमायचं, फलक धरून फोटो काढायचा, दोन तास हाताला लागेल ते पोत्यात भरायचं, पोती रस्त्याकडेला रचायची आणि घरी जायचं. दोन दिवसांनी कुत्री पोती फाडतात आणि पुढच्या उधाणाला त्यातला बराच माल परत पाण्यात जातो. काय शिकलात असं विचारलं तर "बापरे, किती कचरा असतो" यापलीकडे मुलांना सांगता येत नाही.

शहरातल्या मुलांना घेऊन असं काम करणाऱ्या शिक्षकांसाठी, मंडळांसाठी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटांसाठी हा क्रम लिहिला आहे. एका हंगामात मुलाला भरती-ओहोटी वाचता यावी, प्लास्टिकचे प्रकार ओळखता यावेत, मोजमाप लिहिता यावं, भंगारवाल्याशी व्यवहार करता यावा आणि नगरपरिषदेत अर्ज देऊन त्याचा पाठपुरावा करता यावा, एवढी अपेक्षा आहे. कचरा उचलणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम लोक गाळतात, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

टप्पा १: कचरा कुठे जाणार ते आधी ठरवा

हे पहिलं काम. तारीख ठरवण्याच्याही आधीचं. कचऱ्याला ठिकाण मिळालं नसेल तर मोहीम पुढे ढकला.

दोन ठिकाणी जायचं. पहिलं नगरपरिषदेचा आरोग्य विभाग, किंवा किनारा ग्रामपंचायतीत असेल तर तिथलं कार्यालय. तिथे तीन प्रश्न विचारा: त्या दिवशी घंटागाडी किंवा ट्रॅक्टर किती वाजता येईल, कुठपर्यंत येईल, आणि सुका कचरा वेगळा करून दिला तर तो वेगळाच ठेवला जाईल का. उत्तर तोंडी घेऊन परत येऊ नका. पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढे प्रत्येक वेळी ही प्रत कामाला येते.

दुसरं ठिकाण भंगाराचं दुकान. इथे मुलांनाच पाठवा. सोबत किनाऱ्यावरून आणलेले नमुने द्या: पाण्याची बाटली, तेलाचा कॅन, दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा, काच. काय घेणार, काय नाही आणि का, हे समोरासमोर विचारू द्या. समुद्रात राहिलेल्या प्लास्टिकला मीठ आणि वाळू लागलेली असते, उन्हाने ते ठिसूळ झालेलं असतं. घरातल्या बाटलीला जो भाव मिळतो तो याला मिळत नाही, काही वेळा दुकानदार ते घेतही नाही. वेफर्स-बिस्किटांची आतून चकचकीत पाकिटं तर बहुतेक ठिकाणी नाकारतात, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ही गोष्ट वर्गात तासभर सांगून जेवढी पटणार नाही, तेवढी दुकानदाराच्या एका नकाराने पटते.

आणखी एक चौकशी करायचीच. त्या किनाऱ्यावरून सफाई कर्मचारी किंवा कचरा वेचणाऱ्या बाया बाटल्या आणि डबे नेत असतील, तर तो त्यांच्या कमाईचा माल आहे. आधी त्यांच्याशी बोला. विकण्याजोगा माल त्यांना द्यायचा की कसं, हे त्यांच्या संमतीने ठरवा.

> तपासणी: घंटागाडीची वेळ लेखी आहे का? भंगारवाला काय घेणार याची यादी हातात आहे का? जे कोणीच घेत नाही त्याचं काय करणार, हे ठरलं आहे का? तिन्हीला "हो" आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: किनाऱ्याची पाहणी आणि परवानगी

मोहिमेच्या साधारण आठवडाभर आधी दोघा-तिघांनी पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, चालत जाऊन यावं. नाला कुठे उतरतो, खाडीचं मुख किती जवळ आहे, कातळ कुठे निसरडा आहे, सावली कुठे आहे, हे कागदावर काढा. रत्नागिरीत भाट्याचा किनारा घेतलात तर शेजारीच काजळी नदीचं मुख आहे. तिथला कचरा आणि मिऱ्याकडचा कचरा सारखा असेल असं गृहीत धरू नका.

मच्छीमारांना विचारल्याशिवाय काही करू नका. यात वारंवार चूक होते. शहरातल्या मुलांना वाळूवर पडलेलं जाळं, दोराचं वेटोळं, फुटका बोया म्हणजे कचरा वाटतो. प्रत्यक्षात ते वाळत घातलेलं किंवा दुरुस्तीला काढलेलं सामान असू शकतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांच्या वेळा, होड्या लावायच्या जागा, टाकून दिलेलं जाळं कोणतं आणि वापरातलं कोणतं, हे एखाद्या जाणत्या मच्छीमार काकांना सोबत फिरवून मुलांना दाखवायला सांगा. त्यांना मोहिमेच्या दिवशीही मानाने बोलवा. अनेकदा सगळ्यांत चांगले शिक्षक तेच ठरतात.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत बाहेर पडत राहतात. या काळात अशा किनाऱ्यावर जायचं असेल तर वनविभागाशी आणि गावातल्या कासवमित्रांशी आधी बोला, भरतीच्या रेषेच्या वरची वाळू उकरू नका, आणि अंधारात विजेऱ्या घेऊन फिरू नका. ही प्रजाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे.

टप्पा ३: तारीख नव्हे, तिथी पाहा

रविवार मोकळा असतो म्हणून रविवार ठरतो, आणि नेमकी त्या दिवशी अकराला भरती असते. मुलं वाकून वेचत असताना पाणी वर चढत राहतं, पुळण अरुंद होते आणि अर्धा कचरा डोळ्यांदेखत ओढला जातो.

कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब मुलांना पाठच करायला लावा. पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. दिवसातून भरती दोनदा येते आणि प्रत्येकीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, तासभर इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी ताळा करा. मुलांनी आधी बोटांवर काढावं, मग तक्ता उघडावा. फरक किती आला ते वहीत लिहावं.

सकाळच्या कामाला सर्वांत सोयीच्या तिथी षष्ठी ते अष्टमी. भरती पहाटे साडेचार ते सहाच्या दरम्यान होऊन जाते आणि नंतर दुपारपर्यंत पाणी उतरत राहतं. शिवाय आठवड्यापूर्वी पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या उधाणाने वर आणून टाकलेला कचरा अजून वरच्या रेषेवर कोरडा पडलेला असतो. ही भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढणारी भरती असल्यामुळे पाणी तिथपर्यंत पोहोचत नाही.

गणपतीनंतरच्या सफाईत हाच हिशेब चुकतो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मुलं बोलावतात. त्या दिवशी पौर्णिमेच्या आसपासचं उधाण असतं, आणि अकरापर्यंत पाणी चढतच राहणार. अशा दिवशी उजाडताच सुरुवात करा आणि साडेआठच्या आत पुळण सोडा. आपल्याकडे गौरी-गणपतीचं विसर्जन बरेचदा अष्टमी-नवमीच्या सुमाराला होतं. त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ मात्र चांगली मिळते.

जून ते ऑगस्ट पुळणीवर मोहीम घेऊ नका. सप्टेंबरमध्येही लाटा जोरात असतील तर रद्द करायची तयारी ठेवा. पावसाळ्यात मुलांना गुंतवायचंच असेल तर नाल्यांची आणि वॉर्डांची पाहणी करायला लावा. त्याचा उपयोग पुढे सांगतो.

टप्पा ४: साहित्य आणि तुकड्या

पंचवीस-तीस मुलं पुरे. शंभर मुलं आली तर फोटो छान येतो, शिकवणं मात्र होत नाही.

पाच जणांची एक तुकडी करा: दोघं वेचणारे, एक पोतं धरणारा, एक नोंद करणारा आणि एक पाण्यावर आणि सोबत्यांवर लक्ष ठेवणारा. दर अर्ध्या तासाने कामं बदला. नोंदीचं काम नेहमी चांगल्या अक्षराच्या मुलीकडे आणि पोतं नेहमी दांडग्या मुलाकडे जातं, तसं होऊ देऊ नका. प्रत्येकाने सगळं केलं पाहिजे.

साहित्य साधं आहे: जाड रबरी हातमोजे, बंद बूट, चिमटे, धुतलेली सिमेंटची किंवा तांदळाची पोती, दोन ताडपत्र्या, लटकता वजनकाटा, ५० मीटरची टेप, पाण्याची बादली, कात्री, पॅड आणि पेन्सिल. पेन नको, दमट हवेत आणि ओल्या हातांनी शाई पसरते. सुयांसाठी जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा. पिण्याचं पाणी मोठ्या जारमध्ये आणि स्टीलचे पेले. खायला केळी, शेंगदाणे, कोकम सरबत. फ्लेक्सचा फलक, बाटलीबंद पाणी, प्लास्टिकचे पातळ हातमोजे हे सगळं संध्याकाळी कचराच होणार आहे, ते आणूच नका.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र घ्या. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला १२० तासांचं काम पूर्ण करायचं असतं. पाहणीचे, वर्गीकरणाचे आणि कार्यालयातल्या फेऱ्यांचे तासही हजेरीपटावर लिहा, म्हणजे मुलं त्या कामांना टाळणार नाहीत.

> सावधान: गुडघ्याच्या वर पाण्यात कोणीही जायचं नाही, चप्पल वाहून गेली तरी. बेवारस पिंप, सिलिंडर, नळकांडं, बंद डबा दिसला तर हात लावू नका, मुलांना लांब न्या आणि ११२ वर कळवा. समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, रुग्णवाहिकेसाठी १०८.

टप्पा ५: १०० मीटर आखा

अख्खा किनारा साफ करण्याचा हट्ट सोडा. १०० मीटरचा एकच पट्टा घ्या आणि दर महिन्याला त्याच पट्ट्यावर या. तुलना करता आली तरच आकड्याला अर्थ.

सुरुवात आणि शेवट न हलणाऱ्या खुणेवर ठेवा: सुरूचं मोठं झाड, धक्क्याची पायरी, भिंतीचा कोपरा. मोबाइलवरून दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या. पट्ट्याची रुंदी म्हणजे त्या वेळच्या पाण्याच्या कडेपासून वरच्या झाडोऱ्यापर्यंत किंवा भिंतीपर्यंत, तीही टेपने मोजा. काहीही उचलण्यापूर्वी एका ठरलेल्या जागेवरून फोटो घ्या. पुढच्या महिन्यात त्याच जागेवरून, त्याच दिशेने.

नोंदपत्रकावर तारीख, तिथी, भरतीची वेळ, वारा, गेल्या दोन दिवसांतला पाऊस, आणि खाली वस्तूंचे रकाने. रकाने दहा-बाराच ठेवा. बाटल्या, झाकणं, पाकिटं, पिशव्या, थर्माकोल, दोर आणि जाळी, तंगूस (गळाचा नायलॉनचा धागा), चपला, काच, औषधी वस्तू, इतर. साधारण अडीच सेंटीमीटरपेक्षा, म्हणजे अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी वस्तूच मोजायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. वेचणाऱ्याने वस्तूचं नाव मोठ्याने म्हणायचं, नोंद करणाऱ्याने तेच परत म्हणून रेघ ओढायची. नंतर पोतं रिकामं करून मोजू असं ठरवलं की गाडी यायची वेळ होते आणि मोजणी कधीच होत नाही.

टप्पा ६: वेचणं, आणि काय वेचायचं नाही

तुकडीने पाण्याला समांतर चालायचं. आधी वरची रेषा, मग खालची.

वाळलेलं शेवाळ, लाकडं, नारळाच्या झावळ्या, शिंपले, समुद्रफेन तसंच राहू द्या. किनाऱ्यावरचे किडे, कुर्ल्या आणि पक्षी त्यावर जगतात. मर्यादवेल उपटू नका, तिच्यामुळे वाळू धरून राहते. पाकीट वेलीत अडकलं असेल तर कात्रीने पाकीट कापून काढा. दाताळं ओढून पुळण "चकाचक" करणं आणि जेसीबी लावणं पूर्ण बंद. त्याने वाळूचा वरचा थर मोडतो आणि प्लास्टिकचे तुकडे आणखी खोल जातात.

अर्धं पुरलेलं जाळं ताकदीने ओढू नका. भोवतालची वाळू हाताने सरकवा, निघेल तेवढं कापून घ्या, उरलेल्याची जागा लिहून ठेवा. थर्माकोल चुरडण्याआधी उचला आणि त्याला वेगळं पोतं द्या. त्याचे मणी एकदा वाळूत मिसळले की ते परत वेचता येत नाहीत.

डांबराचे काळे गोळे दिसले तर ते प्लास्टिकच्या पोत्यात टाकू नका, सगळं पोतं खराब होतं. वेगळ्या डब्यात घ्या. अंगाला लागलं तर खोबरेल तेलाने पुसून साबणाने धुवा, रॉकेल लावू नका.

सुई दिसली तर हाताने टोपण लावायचं नाही. चिमट्याने उचलून डब्यात. तो डबा घंटागाडीत न टाकता नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाकडे हातोहात द्यायचा.

> सावधान: निळसर फुग्यासारखी ब्लू बॉटल मेलेली असली तरी तिच्या तंतूंनी दंश होतो. दंश झाला तर तंतू चिमट्याने काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवा. श्वास लागला किंवा सूज चढली तर थेट दवाखाना.

> जखमी किंवा जाळ्यात गुरफटलेलं कासव सापडलं तर ते पाण्यात ढकलू नका. थकलेलं कासव बुडू शकतं. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकातोंडावर पाणी ओतू नका, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

टप्पा ७: वर्गीकरण, बादलीची चाचणी, वजन

मुलं खरं शिकतात ती इथे, आणि नेमकी इथेच मोहीम संपवली जाते. वेचायला दीड तास दिला असेल तर यालाही दीड तास द्या. मुलं दमलेली असतात, म्हणून मध्ये सरबत आणि सावलीतला थोडा आराम आवश्यक आहे.

ताडपत्री सावलीत पसरून पोती रिकामी करा. प्रत्येक वस्तू झटकून वाळू काढा. ओली वाळू वजनात आली की आकडा फुगतो, आणि "दोन टन कचरा काढला" असं सांगताना त्यात निम्मी पुळणच असते. शक्य असेल तर वजन दोनदा घ्या: आणल्यावर लगेच, आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर. दोन्ही आकडे लिहा.

मग बादलीची चाचणी. बाटलीचा तळ पाहिला तर त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा १, २, ५ असा आकडा असतो, पण समुद्राने घासलेल्या वस्तूवर तो दिसत नाही. अशा वेळी छोटा तुकडा कापून साध्या पाण्यात दाबून सोडा. पाण्यात साबणाचा थेंब टाका, म्हणजे हवेचे बुडबुडे चिकटून तुकडा फसवणार नाही. पाण्याच्या बाटलीचा तुकडा बुडतो, तिचं झाकण तरंगतं, कारण बाटली पीईटीची असते आणि झाकण पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिनचं. नायलॉनचं जाळं बुडतं, पॉलिप्रोपिलीनचा दोर तरंगतो. हे एकदा हाताने केलं की भंगारवाला झाकणं वेगळी का मागतो ते सांगावं लागत नाही. समुद्रात बुडून राहिलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे का मारत राहतं तेही कळतं.

पुढचा भाग म्हणजे कचऱ्याचा माग काढणं. पाकिटावरची उत्पादनाची तारीख वाचा. छपाई ताजी, रंग शाबूत, दुधाची पिशवी गावातल्याच डेअरीची, तर माल नाल्यातून किंवा पर्यटकांकडून आलेला. रंग उडालेला, वस्तूवर बार्नकलची (समुद्रात वस्तूंना चिकटून वाढणाऱ्या कवचधारी जीवांची) कवचं चिकटलेली, तर ती बराच काळ समुद्रात फिरून आलेली. प्रत्येक गटाचे दोन ढीग करा, "जवळचा" आणि "लांबचा", आणि दोन्ही मोजा. शंका असेल तर तिसरा ढीग करा, ओढूनताणून बसवू नका. पावसाळ्यात नाल्यांची पाहणी केलेली असेल तर त्या वहीशी जुळवून पाहा.

पाकिटांवरच्या कंपन्यांची नावंही वेगळ्या कागदावर लिहा. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावरही आहे, त्यामुळे ही यादी अर्जाला जोडता येते.

> तपासणी: गाडी निघण्यापूर्वी पुळणीवर किंवा रस्त्याकडेला एकही पोतं उरलेलं नाही ना? काही जाळलं किंवा पुरलं नाही ना? गाडीचा नंबर आणि नेलेल्या पोत्यांची संख्या लिहिली का?

टप्पा ८: आकड्यांवरून अर्ज

एका महिन्याच्या आकड्यांवर मोठी विधानं करू नका. तीन-चार महिन्यांची पत्रकं समोर ठेवा आणि मुलांना विचारा: कोणती एक गोष्ट बदलली तर या पट्ट्यावरचा सर्वांत मोठा ढीग कमी होईल? उत्तर "जनजागृती" आलं तर ते स्वीकारू नका. जागा, वस्तू आणि जबाबदार कार्यालय सांगणारं उत्तर पाहिजे. जसं, अमुक नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवून ती दर आठवड्याला साफ करावी. किंवा खाद्यगाड्यांवर पातळ पिशव्या मिळतात, तिथे तपासणी व्हावी. राज्यातली प्लास्टिकबंदी २०१८ पासूनची आहे आणि पिशवीसाठी १२० मायक्रॉनची मर्यादा ३१ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, तेव्हा ही मागणी नियमातलीच आहे.

अर्ज एका पानाचा, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. एका अर्जात एकच मागणी. सोबत मोजणीचा तक्ता, दोन फोटो आणि नकाशा. पाच मागण्या एकत्र केल्या की सर्वांत सोपी पूर्ण करून बाकीच्या राहून जातात. अर्ज मुलांनी लिहावा, मुलांनीच द्यावा आणि पोच घ्यावी. शिक्षकांनी कार्यालयाच्या दारापर्यंतच जावं. पहिल्यांदा बोलताना मुलं अडखळतील, अडखळू द्या. महिन्याने त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन दुसऱ्या जोडीने चौकशीला जायचं.

किनारा आपल्या गावचा असेल तर मच्छीमार सोसायटीतही तोच तक्ता वाचून दाखवा. जाळी आणि तंगूस जास्त निघालं असेल तर दोष देण्याच्या सुरात बोलू नका. टाकाऊ जाळं बंदरावर एका ठिकाणी जमा करता येईल का, एवढंच विचारा. त्यांची जाळी तुटतात तेव्हा नुकसान त्यांचंच होतं.

हंगामाच्या शेवटी प्रत्येक मुलाची परीक्षा घ्या, पण कागदावर नको. पुढच्या महिन्यातला योग्य दिवस तिथीवरून काढ, १०० मीटर आख, दहा वस्तूंचे प्रकार बादलीने ओळख, आणि आपला तक्ता एका अनोळखी माणसाला पाच मिनिटांत समजावून सांग. ज्यांना हे जमेल त्यांना पुढच्या वर्षी नव्या मुलांच्या तुकड्या सांभाळायला द्या, आणि वह्या व पत्रकं त्यांच्याच ताब्यात ठेवा.